चाप एक, कामं दोन

यवतमाळात पिस्तुलाची बातमी येते ती बहुधा गावठी कट्ट्याची. अमुक चौकात एकाला पकडलं, कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं जप्त, गुन्हा दाखल. त्या कट्ट्याशी या लेखाचं काही देणंघेणं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगण्याला शस्त्र कायद्यात दोन ते पाच वर्षांची कैद आहे, आणि बनवणाऱ्या-विकणाऱ्याला त्याहून पुष्कळ जास्त. हा लेख आहे तो ज्याच्या हातात जिल्हादंडाधिकाऱ्यांचा परवाना आहे किंवा येऊ घातला आहे त्याच्यासाठी: जिनिंगचा मालक, सराफ, रात्री हिशेबाची रोकड नेणारा पेट्रोलपंपवाला. कमरेला लावायला, कपड्याआड राहील असं लहान शस्त्र घ्यायचं तर त्यात बघायचं काय?

या प्रश्नाला जगभरातल्या जाणकारांकडून एक उत्तर हमखास येतं: कॉम्पॅक्ट, डबल-ॲक्शन-ओन्ली पिस्तूल. उत्तर चांगलं आहे. मात्र आपल्या परवान्यावर ते जसंच्या तसं मिळत नाही. का मिळत नाही आणि त्याच्या सर्वांत जवळचं काय मिळतं, हे कळायला आधी चापाचं काम समजून घ्यावं लागतं.

रिव्हॉल्व्हरच्या मागच्या बाजूला जो उभा तुकडा दिसतो तो घोडा. तो मागे ताणला की आतली स्प्रिंग दाबली जाते. सुटला की तो पुढे आदळतो, पिनेचा ठोसा काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर बसतो, टोपी पेटते, दारू जळते आणि गोळी नळीतून निघते. इथवर घोडा असलेल्या सगळ्या शस्त्रांचं सारखंच. फरक पडतो तो घोडा ताणतो कोण यावरून. सिंगल-ॲक्शन शस्त्रात हे काम चापाचं नसतं. रिव्हॉल्व्हर असेल तर अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, पिस्तूल असेल तर वरची स्लाइड एकदा मागे खेचायची; घोडा ताणलेला राहतो आणि चापाने तो फक्त सोडायचा. म्हणून असा चाप हलका असतो, दीड-दोन किलोंच्या दाबाने आणि जेमतेम दोन-चार मिलिमीटरांत सुटणारा.

डबल-ॲक्शनमध्ये चाप दोन्ही कामं करतो. बोटाने ओढायला लागलो की आधी घोडा हळूहळू मागे जातो, रिव्हॉल्व्हरमध्ये त्याच ओढीत सिलिंडरही एक घर फिरतं, आणि शेवटी घोडा सुटतो. एवढं सगळं एका बोटावर आल्यामुळे दाब चार ते सहा किलोंपर्यंत लागतो आणि बोटाला सेंटिमीटरभर किंवा त्याहून जास्त प्रवास करावा लागतो. बऱ्याच शस्त्रांत दोन्ही सोयी असतात: हवं तर अंगठ्याने ताणा, नको तर चापानेच सगळं करा. अशा प्रकारच्या सेल्फ-लोडिंग पिस्तुलात पहिली गोळी जड चापाने सुटते. त्या धक्क्याने स्लाइड मागे जाऊन घोडा स्वतःच ताणते, म्हणून दुसऱ्या गोळीपासून चाप हलका. डबल-ॲक्शन-ओन्लीमध्ये मधली ही पायरीच काढून टाकलेली असते. घोडा कधी पुरा ताणलेला राहतच नाही. पहिली गोळी असो वा सहावी, चाप तितकाच जड आणि तितकाच लांब.

ही कल्पना नवी नाही. १८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनात रॉबर्ट ॲडम्सने जे रिव्हॉल्व्हर मांडलं ते असंच होतं. त्याच्या घोड्याला अंगठा लावायला जागाच नव्हती. चाप ओढायचा, बाकी काम यंत्र करील. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरला दर गोळीमागे अंगठ्याने घोडा ताणावा लागे, त्यापेक्षा हे जलद होतं, पण नेम धरणाऱ्यांना जड चाप आवडेना. चार-पाच वर्षांतच ब्युमाँटने सुधारणा करून दोन्ही सोयी एकत्र आणल्या. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं चाप हलका करण्याकडेच कल राहिला. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३ मध्ये रिव्हॉल्व्हर सोडून ९ मिमी पिस्तुलं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मात्र मुद्दाम जड चापाचाच आग्रह धरला. कारण सरळ होतं. घाबरलेल्या माणसाचं बोट नकळत आवळलं जातं. चाप दोन किलोंचा असेल तर तेवढ्याने गोळी सुटू शकते. पाच किलोंचा आणि लांब असेल तर मध्ये थांबायला क्षणभर तरी मिळतो.

कपड्याआड वागवायच्या शस्त्राला हा गुण फार मोलाचा वाटतो, आणि माझं मत विचाराल तर तोच पहिला. असं शस्त्र दिवसभर अंगाला घासत असतं. बसताना, उठताना, गाडीत वाकताना ते हलतं. सेफ्टीचा खटका वर आहे की खाली, घोडा ताणलेला आहे की उतरवलेला, हे लक्षात ठेवण्याचं ओझं जितकं कमी तितकं बरं. डबल-ॲक्शन-ओन्लीची स्थिती एकच असते. शिवाय घोड्याला शेपूट नसल्यामुळे शर्टात अडकायला काही उरत नाही.

आता बाजाराकडे वळू. परदेशात या जातीची .३२ ची चिमुकली पिस्तुलं मिळतात. सीकॅम्प हे त्यातलं जुनं नाव, तर १९९९ मधलं केल-टेक पी-३२ रिकामं असताना दोनशे ग्रॅमसुद्धा भरत नाही. यवतमाळच्या माणसाला यातलं काही सहजासहजी मिळणार नाही. सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करण्याची वाट गेली कित्येक दशकं बंद आहे. ती सवलत मुख्यतः नामांकित नेमबाजांपुरती उरली आहे. ९ मिमीचं काडतूस लष्कर आणि पोलिसांचं म्हणून निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, आणि त्याचा परवाना जिल्हा पातळीवर मिळत नाही. मग उरतो तो .३२ आणि .२२ चा देशी माल, आणि जुन्या परवान्यांवरची हातोहात आलेली ब्राउनिंग, वॉल्थर, वेब्ली.

.३२ च्या ऑटोमॅटिक काडतुसाचं आणि महाराष्ट्राचं नातं तसं जुनं. जॉन ब्राउनिंगने ते १८९९ मध्ये आखलं. ब्राउनिंगच्याच बनावटीची वीस पिस्तुलं सावरकरांनी १९०९ मध्ये चतुर्भुज अमीनांच्या सामानात लंडनहून मुंबईला पाठवली, आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग चालवलं. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदूक वर्ज्य केली होती त्या काळातली ही गोष्ट. आज परवानाधारक .३२ चं काडतूस दुकानातून घेतो तेव्हा त्याचं बूड उलटून पाहावं. तिथे बारीक अक्षरांत ‘केएफ’ असा ठसा दिसतो. तो पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याचा. हा कारखाना १८६९ चा.

पण ‘.३२’ एवढ्यावर थांबू नये; इथे पुष्कळ जण फसतात. .३२ ची काडतुसं दोन जातींची आहेत. पिस्तुलाचं आखूड, कमी कडेचं, त्याला ७.६५ मिमी असंही म्हणतात. रिव्हॉल्व्हरचं लांब, रुंद कडेचं, म्हणजे एस अँड डब्ल्यू लाँग. आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात जाऊन बसू शकतं, आणि म्हणूनच धोका आहे. त्याचा दाब जास्त असतो. जुन्या रिव्हॉल्व्हरची पोलादी घरं तेवढ्यासाठी घडवलेली नसतात. परवान्यावर, शस्त्रावर आणि डब्यावर एकच जात लिहिली आहे ना, हे दुकानातच ताडून घ्यावं.

देशी मालात पिस्तूल म्हणजे मुख्यतः आयुध कारखान्यांचं अशनी. ते .३२ चं, आठ गोळ्यांचं, साध्या ब्लोबॅक रचनेचं आणि सिंगल-ॲक्शन. ब्लोबॅक म्हणजे स्लाइडचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच धक्का रोखायचा. त्यामुळे स्प्रिंग कडक असते. सिंगल-ॲक्शन असल्याने ते तयार ठेवायचं तर घोडा ताणून सेफ्टी लावून कमरेला बाळगायचं. ते जिवावर येतं म्हणून बहुतेक जण नळी रिकामी ठेवतात आणि वेळ आली तर स्लाइड ओढू म्हणतात. घरात सावकाश ओढायला ती जमते. एका हाताने पोराला मागे ढकलत दुसऱ्या हाताने ओढायची झाली तर जमेल का, याचा विचार आधी करावा.

म्हणून आपल्याकडे डबल-ॲक्शन-ओन्लीच्या सर्वांत जवळ जातं ते .३२ चं रिव्हॉल्व्हर, कायम डबल-ॲक्शननेच चालवायची शिस्त घालून घेतलेलं. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर मूळ वेब्लीच्या चौथ्या मार्कवर बेतलेलं आहे. नळी पुढे मोडते, सिलिंडर वर येतं आणि रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर फेकल्या जातात. त्याचं वजन पाऊण किलोच्या आसपास. जानेवारी २०१४ मध्ये आलेलं निर्भीक त्याचंच हलकं भावंड: टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅमचं, सहा गोळ्यांचं. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर ते खास बायकांसाठी म्हणून गाजवलं गेलं, किंमत तेव्हा १ लाख २२ हजारांच्या घरात. .२२ चं निडर त्याच्याही निम्म्या वजनाचं. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रबल आलं. त्यात नळी न मोडता सिलिंडर बाजूला उघडतं. या आयुध कारखान्यांची मालकी २०२१ पासून एडब्ल्यूईआयएल या कानपूरच्या सरकारी कंपनीकडे आहे. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे वेब्लीचंही .३२ रिव्हॉल्व्हर बनू लागलं आहे. किमतीवर कर पडतो तो वेगळा, आणि सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर जीएसटी ४० टक्के झाला आहे.

हलकं तेवढं चांगलं, असं गिऱ्हाइकाला वाटतं. त्याचा हिशेब नीट मांडून बघावा. ५०० ग्रॅमच्या शस्त्राचा चाप ओढायला पाच किलो दाब लागत असेल तर तो शस्त्राच्या वजनाच्या दसपट झाला. मूठ घट्ट नसेल तर चापाबरोबर सगळं शस्त्रच ओढलं जातं. नळीचं तोंड उजव्या हाताच्या माणसाचं बहुधा खाली-डावीकडे जातं आणि गोळीही तिकडेच. पाऊण किलोचं शस्त्र तोच दाब जास्त शांतपणे सोसतं, आणि धक्काही कमी देतं. ‘बायकांसाठी हलकं’ ही जाहिरात मला म्हणूनच पटलेली नाही. ज्या हातात जोर कमी त्या हाताला हलकं शस्त्र जास्त छळतं.

नागपूर-अमरावतीच्या परवानाधारक दुकानात गेल्यावर घाई करू नये. आधी दुकानदाराला सांगावं, “भाऊ, सिलिंडर उघडून दाखवा.” सहाही घरं रिकामी आहेत हे त्यानेही पाहावं, आपणही पाहावं, आणि बोट घालून खात्री करावी. मग शस्त्र भिंतीकडे धरून, दुकानदाराची परवानगी घेऊन, डमी काडतुसं घालून चाप ओढावा. बोटाचं पहिलं पेर चापावर बसतं की टोकच पोचतं? टोकच पोचत असेल तर मूठ आपल्या हाताला मोठी आहे. मग कुठलाही सराव पुरा पडत नाही. ओढताना चाप एकसारखा सरकतो की मध्येच अडखळतो? सलग जड चापाची बोटाला सवय होते, अडखळणाऱ्याची होत नाही. आता पुढच्या माशीवर एक रुपयाचं नाणं ठेवायला सांगावं आणि चाप पुरा ओढावा. नाणं पडलं तर नळी हलली. पहिल्या खेपेला ते बहुतेकांचं पडतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोन-तीन वेगवेगळ्या शस्त्रांवर करून बघितलं की कुठल्या मुठीवर ते जास्त टिकतं हे आपोआप कळतं. सिलिंडर बंद करून हलकेच हलवून पाहावं, खुळखुळ नको. शेवटी विचारावं, चाप ओढलेला नसताना घोडा आणि काडतूस यांच्या मध्ये अडसर येतो का. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये तो नसेल तर ते पडल्यावर उडू शकतं. अशा वेळी घोड्याखालचं घर रिकामंच ठेवायचं आणि सहाच्या जागी पाचच गोळ्या धरायच्या.

हा नाण्याचा सराव घरीही करता येतो, फक्त काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून. जड चापाचा हाच एक तोटा आहे, की तो सरावाशिवाय उपयोगाचा नाही. वर्षातून एकदा दिवाळीनंतर तेल घालून परत पेटीत ठेवणाऱ्याने डबल-ॲक्शनच्या गुणांवर विसंबू नये. दहा फुटांवरूनही त्याची गोळी भलतीकडे जाईल. शस्त्र नियम, २०१६ नुसार परवान्यासाठी शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. तो निव्वळ कागद समजून उरकणारे पुष्कळ असतात.

याच नियमांत कपड्याआड बाळगण्याचीही तरतूद आहे, आणि ती वाचली की अनेकांना आश्चर्य वाटतं. सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची तर ती अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या पिशवीत हवी, पूर्ण झाकलेली हवी आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवी. म्हणजे शर्ट वर करून मूठ दिसू देणं, लग्नाच्या वरातीत कमरेला मिरवणं, हे रुबाबाचं नसून बेकायदेशीर आहे. वरातीत हवेत गोळी झाडण्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

होल्स्टर निवडताना एकच गोष्ट पक्की धरावी: चापाभोवतीची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे. लांब चाप म्हणजे सुटलेल्या बोटाला अडथळा, पण किल्लीच्या जुडग्याला किंवा शर्टाच्या मुडपलेल्या टोकाला तेवढा दाब देता येतो, खास करून होल्स्टरमध्ये शस्त्र जोराने खुपसताना. रिव्हॉल्व्हर सिलिंडरपाशी फुगीर असतं, पिस्तूल चपटं. मे महिन्यात ४५ अंशांत पातळ सुती शर्टाखाली हा फरक लगेच दिसतो. घाम हा दुसरा शत्रू. निळ्या पोलादावर संध्याकाळपर्यंत तांबूस डाग धरतो, म्हणून रात्री कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात फिरवावा. जिनिंगमध्ये वावरणाऱ्याने एक जास्त करावं. तिथली उडती रुई खिशात, होल्स्टरमध्ये, सिलिंडरच्या मागच्या फटीत जाऊन बसते, तेलात भिजून तिचा चिकट थर होतो आणि आधीच जड असलेला चाप आणखी जड जातो. आठवड्याला ब्रश फिरवला तर हा त्रास होत नाही. तेल टपकेल इतकं नको; काडतुसाच्या टोपीत उतरलं तर ऐन वेळी नुसता टक् असा आवाज येतो.

असा टक् आवाज आला तर रिव्हॉल्व्हरचा एक फायदा आहे. चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. सगळ्याच डबल-ॲक्शन-ओन्ली पिस्तुलांत असं होत नाही; काहींत घोडा अर्धा ताणण्याचं काम स्लाइडच करते, म्हणून गोळी न उडाल्यास स्लाइड ओढल्याशिवाय दुसरा ठोसा बसत नाही. सरावात मात्र उलटं करायचं: टक् झाल्यावर शस्त्र लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, कारण कधी कधी दारू उशिरा पेटते.

जंगलाकडेच्या गावांतून, टिपेश्वरच्या आसपास किंवा राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात, वाघ आणि रानडुकरांसाठी पिस्तूल मागणारे भेटतात. रानडुकरासमोर .३२ म्हणजे त्याला नुसतं चिडवणं आहे, आणि वाघाची गोष्ट वन्यजीव कायद्याच्या हद्दीतली. कायद्याने पीक रक्षणासाठी भरमार बंदुकीची वेगळी सोय ठेवली आहे. तिचा अर्ज वेगळा, अटी वेगळ्या.

पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा अर्ज जातो कलेक्टर कचेरीच्या गृह शाखेत, वय किमान २१. पोलीस ठाण्याचा अहवाल अधीक्षकांमार्फत येतो. जिवाला धोका नेमका कोणाकडून, कशामुळे, हे पुराव्यासह मांडता आलं नाही तर अर्ज फेटाळला जातो, आणि ते योग्यच आहे. शस्त्र बाळगणं हा आपल्या घटनेतला मूलभूत हक्क नाही. मंजुरी आधी, खरेदी नंतर. घेतलेलं शस्त्र दाखवून त्याचा क्रमांक परवान्यावर चढवून घ्यावा लागतो. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची, आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं.

परवान्यातला एक रकाना यवतमाळकरांनी जरा नीट वाचावा: क्षेत्र. तो महाराष्ट्रापुरता असेल तर पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने पिंपळखुटीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की आपण तेलंगणात, आणि कमरेचं शस्त्र त्या क्षणापासून परवान्याबाहेरचं. आदिलाबादला कापसाच्या व्यवहाराला जाणाऱ्या झरी-केळापूरच्या व्यापाऱ्याने एक तर क्षेत्र वाढवून घ्यावं, नाही तर शस्त्र घरी कुलपात ठेवून जावं. निवडणुकीच्या काळात जिल्ह्यातली छाननी समिती सांगेल त्यांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. जमा करताना क्रमांक, काडतुसांची संख्या आणि शस्त्राची अवस्था पावतीवर लिहून घ्यावी. परत मिळाल्यावर, घरी नेण्याआधी, तिथेच सिलिंडर उघडून नळीत उजेड बघावा.